लेन्स घेताना आधी अंतर मोजा, मग आकडा बघा

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या खरेदीनिमित्त आपल्या पुरवणीत कॅमेऱ्यांवर लेख आला होता. मेगापिक्सेल, व्हिडिओ, बॅटरी यांची माहिती त्यात नीट दिली आहे. लेन्सबद्दल मात्र ‘बजेट असेल तर चांगली लेन्स घ्यावी’ एवढं एकच वाक्य आहे. आम्ही नागपुरात लेन्स वापरणारी, विकणारी आणि दुरुस्त करणारी माणसं आहोत. आमच्या मते खरी अडचण त्याच वाक्यात आहे. लेन्स चांगली की नाही हे बजेटवरून ठरत नाही. तुम्ही किती अंतरावरून, किती उजेडात, कशाचा फोटो काढणार यावरून ते ठरतं. आणि पेटीतून निघालेली ती एक लेन्स नीट जुळलेली आहे का, हे घरी तपासल्यावरच कळतं. कॅमेऱ्याची बॉडी चार-पाच वर्षांत बदलली जाते, लेन्स पंधरा वर्षं टिकते. हप्त्यावर लाखाची लेन्स घेणारी मुलं शहरात बरीच आहेत, म्हणून पत्र लांबलं तरी छापावं ही विनंती.

आधी अंतर. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरच्या बॉडीत सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, साधारण २४ मिलिमीटर रुंद असतो, कॅननमध्ये थोडा कमी म्हणजे २२च्या आसपास, आणि फुल फ्रेममध्ये ३६. ही रुंदी समोरच्या विषयाच्या अंतराने गुणा आणि लेन्सवर लिहिलेल्या एमएमने (फोकस लांबीने) भागा. अंतर मीटरमध्ये घेतलं असेल तर फ्रेममध्ये किती मीटर रुंद जागा मावेल ते उत्तर येतं. अगदी जवळून काढायचे फोटो सोडले तर हा हिशेब सगळीकडे चालतो.

पेंच, ताडोबा किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात जिप्सी रस्ता सोडत नाही, म्हणजे अंतर आपल्या हातात नाही. वाघ ५० मीटरवर बसला असेल तर क्रॉप बॉडीवर २०० एमएमने ६ मीटर रुंद जागा फ्रेममध्ये येते, ३०० एमएमने ४ मीटर आणि ६०० एमएमने २ मीटर. शेपटी सोडून वाघ दोन मीटरच्या आतबाहेर धरला तर ३०० एमएमवरच तो निम्मी फ्रेम भरतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तरी ६ मेगापिक्सेल उरतात आणि ८ बाय १२ इंचाच्या प्रिंटला ते पुरतात. उलट तोच वाघ १५ मीटरवर रस्ता ओलांडायला निघाला, तर ६०० एमएमवर जेमतेम ६० सेंटिमीटर जागा दिसते. नाक-डोळे येतात, वाघ येत नाही. जिप्सीत लेन्स बदलायला ना वेळ मिळतो, ना धूळ ते करू देते. म्हणून जंगलासाठी आमचं मत ठाम आहे : पहिली लेन्स ७०-३०० किंवा १००-४०० घ्या. १५०-६०० किंवा २००-६०० या वर्गातल्या लेन्स दोन किलोच्या आसपास भरतात. त्यांना जिप्सीच्या दांडीवर बीनबॅग लागते आणि ती रिकामी नेऊन मुक्कामाच्या गावी तांदळाने भरली तरी चालते.

पक्ष्यांचं गणित वेगळं आहे. छोटा खंड्या जेमतेम १७ सेंटिमीटरचा. अंबाझरीच्या काठावर तो १० मीटरवर असेल तर ३०० एमएमने ८० सेंटिमीटर जागा येते आणि पक्षी तिचा जेमतेम पाचवा हिस्सा भरतो. इथे ६०० एमएमचे पैसे वसूल होतात. ते परवडत नसतील तर आडोशाला बसून अंतर ५ मीटरवर आणणं हाच दुसरा मार्ग. टेलिकन्व्हर्टरच्या (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून एमएम वाढवणाऱ्या जोडभागाच्या) मागे लागू नये. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड खातो, एफ/६.३ची लेन्स एफ/९ होते (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर लहान), आणि बऱ्याच डीएसएलआर (आरसा असलेले कॅमेरे) त्या उजेडात फोकस सोडून देतात.

मारबतीच्या मिरवणुकीत हेच सूत्र उलट्या बाजूने कामाला येतं. इतवारी-महालच्या गल्लीत मागे सरकायला जागा नसते. तीन मीटरवर १८ एमएमने ४ मीटर जागा मावते, ५० एमएमने दीड मीटरही नाही. ‘किट लेन्सनंतर (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सनंतर) पहिली खरेदी ५० एमएम एफ/१.८’ हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण तो फिल्मच्या आणि फुल फ्रेमच्या दिवसांतला आहे. क्रॉप बॉडीवर ती लेन्स ७५ एमएमसारखी वागते. घरातलं बारसं, गल्लीतली मिरवणूक, दुकानाचा काउंटर, सगळीकडे पाठ भिंतीला टेकते. क्रॉप बॉडीसाठी ३५ एमएम एफ/१.८ ही जास्त उपयोगाची पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) आहे. ५० एमएम एकट्या माणसाच्या अर्ध्या फोटोसाठी छान, पण ती दुसरी.

आता उजेड. अ‍ॅपर्चरच्या आकड्यांत उजेड वर्गाने वाढतो. एफ/५.६ वरून एफ/२.८ वर आलात की चौपट, एफ/१.८ वर आलात की सुमारे साडेनऊ पट. १८-५५ किट लेन्सवर ‘३.५-५.६’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ५५ एमएमला जाईपर्यंत ती एफ/५.६ झालेली असते. मंगल कार्यालयात किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात प्रेक्षकांतून फोटो काढताना १/१२५ शटरला त्या लेन्सने १२८०० आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) लागत असेल, तर एफ/१.८ने १२५०च्या आसपास भागतं. मधला फरक प्रिंटमध्ये उघड दिसतो.

पण मोठ्या अ‍ॅपर्चरची किंमत फोकसच्या खोलीत मोजावी लागते. क्रॉप बॉडीवर ५० एमएम, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर असेल तर धारदार भाग साधारण ११-१२ सेंटिमीटरचा. ८५ एमएमने तो ४ सेंटिमीटरवर येतो. नवरा-नवरी एकमेकांच्या थोडे मागेपुढे उभे असले की एक चेहरा गेलाच. दोघांसाठी तीन मीटरवर जाऊन एफ/४ ठेवा. ५० एमएमने अर्धा मीटर खोली मिळते. नृत्याच्या कार्यक्रमात पंधरा मीटरवरच्या रांगेतून ५० एमएमने ७ मीटर रंगमंच दिसतो, ८५ एमएमने सव्वाचार. तिथे ८५ एमएम एफ/१.८ ही ७०-२०० एफ/२.८पेक्षा कितीतरी स्वस्त आणि हलकी पडते. एका जागी बसून फोटो काढणाऱ्याने आधी तिचाच विचार करावा.

स्टॅबिलायझेशनबद्दल दुकानात फार गैरसमज पसरवला जातो. निकॉनचं व्हीआर, कॅननचं आयएस, सोनीचं ओएसएस, टॅमरॉनचं व्हीसी, सिग्माचं ओएस, सगळ्यांचं काम एकच : आपला हात हलतो ते सावरणं. समोरचा माणूस हलतो ते यातलं काहीच थांबवत नाही. नाचणाऱ्या मुलीला १/३० ने टिपाल तर मागचा पडदा धारदार येईल आणि मुलगी पुसट. तिला १/२५० ते १/५०० शटर हवं आणि ते अ‍ॅपर्चरच देऊ शकतं. दिवे लागलेल्या देवळाला, फुटाळ्याच्या संध्याकाळच्या दृश्याला मात्र स्टॅबिलायझेशन फार उपयोगी आहे.

माउंटची (लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कडीची) चौकशी न करता लेन्स घेतल्याची तक्रार तर नेहमीची. निकॉनचा एफ माउंट १९५९पासून चालत आला, त्यामुळे जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते खरी, पण बसली म्हणजे चालली असं नाही. डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नाही. एएफ-डी प्रकारची (स्वतःची मोटर नसलेली) ५० एमएम तिथे हाताने फोकस करावी लागते. निकॉनच्या झेड (मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या) बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावून एएफ-एस (स्वतःची मोटर असलेली) लेन्स ऑटोफोकस होते, एएफ-डी होत नाही. कॅननचा ईएफ माउंट १९८७चा आणि आरएफ २०१८चा. ईएफ लेन्स कॅननच्याच अडॅप्टरने आरएफ बॉडीवर व्यवस्थित चालते. उलट दिशेने मात्र काहीच होत नाही, कारण ईएफमध्ये माउंटपासून सेन्सरचं अंतर ४४ मिलिमीटर आहे आणि आरएफमध्ये २०. मधल्या २४ मिलिमीटरच्या जागेत अडॅप्टर मावतो. आरएफ लेन्स ईएफ बॉडीवर लावायची तर जागाच उरत नाही. ईएफ-एस (क्रॉप बॉडीसाठीची) लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. दुसऱ्या कंपनीच्या लेन्ससाठी आरएफ माउंट बराच काळ जवळपास बंद होता. २०२४पासून सिग्मा आणि टॅमरॉनच्या क्रॉप लेन्स त्यावर येऊ लागल्या. पुढे मिररलेसवर जायचं मनात असेल तर आज डीएसएलआरची क्रॉप लेन्स नवी घेण्यापेक्षा वापरलेली घ्यावी.

इंटरनेटवरची परीक्षणं आणि आलेख जरूर पाहा, पण त्यांत काय आहे ते समजून. कंपनी प्रत्येक लेन्सचा एमटीएफ आलेख (लेन्स किती धारदार आहे ते दाखवणारा) देते. आडव्या अक्षावर सेन्सरच्या मध्यापासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये असतं. फुल फ्रेमचा कोपरा २१.६वर येतो, क्रॉप बॉडीचा साधारण १४वर. म्हणजे फुल फ्रेमची लेन्स क्रॉप बॉडीवर लावणाऱ्याने १४च्या पुढचा आलेख वाचायचं कारणच नाही. दर मिलिमीटरला १० रेघांची ओळ काँट्रास्ट दाखवते, ३० रेघांची ओळ बारीक तपशील. सलग आणि तुटक रेषा (दोन वेगळ्या दिशांतल्या रेघांसाठीच्या) जितक्या जवळ, तितकं चांगलं. त्या फाकल्या की कोपऱ्यातल्या दिव्यांचे ठिपके ओढल्यासारखे येतात आणि मागची धूसरताही खरखरीत दिसते. मात्र बहुतेक कंपन्यांचे हे आलेख आरेखनावरून गणिताने काढलेले असतात, बनवलेल्या लेन्सवर मोजलेले नसतात. कारखान्यात एखादं भिंग केसभर सरकलं तर त्याचा पत्ता आलेखात लागत नाही. शिवाय आलेख बहुधा पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरचा असतो. एफ/१.४च्या लेन्सचा आणि एफ/४च्या लेन्सचा आलेख शेजारी ठेवून निकाल देणं अन्यायाचं आहे.

परीक्षणांचीही तीच मर्यादा. परीक्षकाच्या हाती एक लेन्स असते, तुमच्या हाती दुसरी. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवरची पिक्सेलची दाटी म्हणजे फुल फ्रेमवर ५४ मेगापिक्सेल. ‘फुल फ्रेमची भारी लेन्स क्रॉपवर लावली की आणखी छान’ हे अर्धंच खरं. कोपरे सुधारतात, पण मध्यभागाकडून जास्त बारीक काम मागितलं जातं. जुनी, फिल्मच्या काळातली झूम तिथे उघडी पडते.

म्हणून लेन्स घरी आल्यावर परत करायच्या मुदतीत तिची चाचणी घ्या. खर्च शून्य आहे. आपल्या दैनिकाची छोट्या जाहिरातींची जोडपानं सपाट भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून ताणून बसवा. फुगवटा राहता कामा नये. उघडलेलं जोडपान साधारण ७० सेंटिमीटर रुंद असतं. क्रॉप बॉडी आणि ५० एमएम असेल तर दीड मीटरवरून ते फ्रेम भरतं. रुंद लेन्सला चार जोडपानं शेजारी-शेजारी लावा. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, सेल्फ टायमर २ सेकंद, स्टॅबिलायझेशन बंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). जेपीईजीत कॅमेरा स्वतःच कोपरे उजळतो आणि वाकलेल्या रेषा सरळ करतो, त्यामुळे खरी लेन्स दिसत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती कॅमेरा भिंतीला समांतर नसल्याने. पानाच्या मधोमध छोटा सपाट आरसा चिकटवा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा समांतर. आता आरसा काढा, मध्यावर फोकस करा आणि पूर्ण उघडं अ‍ॅपर्चर, एफ/५.६ आणि एफ/८ असे तीन फोटो घ्या. झूम असेल तर दोन्ही टोकांना आणि मध्ये. फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचा.

चारही कोपरे सारखेच पुसट असतील आणि एफ/८ला सुधारत असतील, तर ते त्या लेन्सचं आरेखन आहे, दोष नाही. एकच कोपरा किंवा एकच बाजू पुसट असेल तर शंका घ्या, पण लगेच निकाल देऊ नका. कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा, वरची बाजू खाली करून पुन्हा फोटो घ्या. भिंतीचा तोच कोपरा पुसट राहिला तर मांडणी चुकलेली. पुसट कोपरा कॅमेऱ्याबरोबर फिरला तर लेन्समधलं भिंग सरकलेलं. मग त्याच कोपऱ्यावर वेगळा फोकस करून बघा. फोकस केल्यावर तो कोपरा साफ येतो आणि समोरचा बिघडतो, म्हणजे फोकसचं प्रतल तिरपं झालं आहे. फोकस करूनही साफ येत नाही, तर भिंग मध्यातून ढळलेलं. दोन्हींवर उपाय एकच : लेन्स बदलून मागा. एफ/८ला बंद करून वापरा, असं सांगणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका, एफ/१.८चे पैसे तुम्ही भरलेले असतात. आणि चाचणी एफ/१६वर कुणी घेऊ नये. इतक्या लहान छिद्रात प्रकाश पसरतो आणि २४ मेगापिक्सेल क्रॉपवर सगळ्याच लेन्स सारख्या मऊ दिसतात.

डीएसएलआर असेल तर फोकसची वेगळी तपासणी लागते, कारण तिथे फोकस सेन्सरवर होत नाही, खालच्या वेगळ्या यंत्रणेत होतो. पट्टी ४५ अंशांत तिरपी ठेवा, तिच्या मध्यखुणेशेजारी काडेपेटी उभी करा आणि काडेपेटीवर फोकस करून दहा फोटो घ्या. दर वेळी आधी फोकस बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यूने (मागच्या स्क्रीनवर बघून) तेच करा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो बरोबर आणि व्ह्यूफाइंडरचे दहाही सारखेच पुढे किंवा मागे गेले, तर तो जुळणीतला फरक. बॉडीत एएफ फाइन ट्यून असेल तर तिथेच सुधारतो, डी३५००सारख्या बॉडीत ती सोय नाही, सेवा केंद्रात जावं लागतं. दहापैकी काही पुढे, काही मागे गेले तर मोटरची किंवा उजेडाची अडचण. भर उजेडात पुन्हा करून बघा. मिररलेसमध्ये हा प्रश्न जवळजवळ राहत नाही आणि मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्स वापरणाऱ्यांनी तिकडे वळण्याचं आमच्या मते हेच सर्वांत भक्कम कारण आहे.

टेली लेन्सची चाचणी नागपुरात कधी घ्यायची, याला फार महत्त्व आहे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, नवतपात तर रस्त्यावरची हवा डोळ्यांना थरथरताना दिसते. ६०० एमएम ती थरथर मोठी करून दाखवते. जमिनीलगतच्या गरम आणि वरच्या कमी गरम हवेत प्रकाश वेगवेगळा वाकतो, पिसं आणि केस वितळल्यासारखे येतात आणि दोष लेन्सला लागतो. शटर १/४००० केलं तरी उपयोग नाही; हात स्थिर असतो, हवा नसते. दहा फोटोंत दोन साफ आणि आठ वेगवेगळ्या तऱ्हेने पुसट असतील तर हवा समजा, दहाही एकाच तऱ्हेने पुसट असतील तर लेन्स समजा. चाचणी उजाडताना, गवतावरून किंवा पाण्यावरून नव्हे तर २०-२५ मीटरवरच्या झाडाच्या सालीवर घ्या. एसी गाडीतून काढलेली थंड लेन्स लगेच वापरली तर तिच्या हूडमध्येच गार-गरम हवा खेळते, आणि पुसटपणा तिथूनही येतो. ती पाव-अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या. पावसाळ्यात हेच बॅगेची चेन बंद ठेवून करा, नाहीतर भिंगावर दव धरतं.

वापरलेली लेन्स घेणं आम्ही वाईट मानत नाही. बर्डी-सदरच्या बाजारात चांगल्या लेन्स निम्म्या किमतीत मिळतात. पण सोबत छोटी टॉर्च न्या. लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. टॉर्च मागच्या बाजूने तिरपी धरा आणि समोरून बघा, मग उलट. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर बुरशी. सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर आतल्या तेलाची वाफ बसलेली. कडेला इंद्रधनुषी डाग दिसला तर जोडभिंगांमधला डिंक सुटायला लागलेला. असली लेन्स फुकटही घेऊ नये, कारण डिंक पुन्हा भरण्याचा खर्च लेन्सपेक्षा जास्त होतो. धुळीचे चार कण मात्र विसरून जा, ते फोटोत येत नाहीत. समोरच्या भिंगावरची बारीक रेघही सहसा दिसत नाही. मागच्या भिंगावरची दिसते, तिला नकार द्या.

पाठोपाठ बॉडीवर लावून अ‍ॅपर्चर एफ/१६ करा आणि डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून आत बघा : अ‍ॅपर्चरची पाती झटकन मिटली पाहिजेत. ती तेलकट चमकत असतील तर उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेली लेन्स समजा. तेल पातळ होऊन तिथे उतरतं, पाती चिकटतात आणि सलग घेतलेले फोटो कमी-जास्त उजळ येतात. माउंटच्या स्क्रूंची डोकी खरचटलेली असतील तर लेन्स उघडलेली आहे. का उघडली ते विचारा. फिल्टरच्या आट्यांना पोचा असेल तर पडलेली आहे, तेव्हा भिंतीवरची चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. झूम पुढच्या बाजूने धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. जरासा हेलकावा चालतो, खटखट आवाज नाही.

बुरशीबद्दल नागपूरकरांना वेगळं सांगायला हवं. बुरशी पावसाळ्यात धरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या टेबलावर मात्र उन्हाळ्यातही अशा लेन्स येतात, आणि त्याचं कारण कूलर आहे. बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, पण कूलर पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो. खिडक्या बंद असल्या की खोलीतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर जाऊ शकते, आणि ६०-६५च्या पुढे बुरशीला हवं ते सगळं मिळतं. लेन्स त्याच खोलीतल्या कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत असते. बुरशी भिंगावरचा लेप खाते. लवकर साफ केली तर लेन्स वाचते, उशीर झाला की बुरशी गेली तरी लेपावरचा डाग राहतो. उन्हात ठेवून तो जात नाही.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३०च्या खाली नको, आतलं वंगण आणि रबर सुकतं. निळी जेल गुलाबी झाली की किंवा नारिंगी जेल हिरवी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास सुकवून पुन्हा वापरा, मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात नको. डबा कूलरच्या खोलीत ठेवू नका. महिन्यातून दोनदा लेन्स काढून वापरा. तीन-चार लेन्स असतील तर ड्राय कॅबिनेट घेणं परवडतं.

साफ करताना आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मगच कापड. द्रव कापडावर घ्या, भिंगावर टाकू नका. आपल्याकडची धूळ बांधकामाची आणि रस्त्याची आहे, तिच्यात रेतीचे कण असतात, शर्टाच्या टोकाने पुसलं की लेपावर रेघा उठतात. दुकानदार लेन्सबरोबर दोनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर देतो, तो रात्रीच्या दिव्यांसमोर काढून ठेवा, नाहीतर फोटोत हिरवे ठिपके तरंगतात. हूड कायम लावा. गुलालात आणि मिरवणुकीच्या पावसात झूमची नळी आत-बाहेर करताना हवा आणि रंग दोन्ही आत ओढले जातात, तेव्हा एका लांबीवर ठेवूनच काम करा.

झूमवर ‘मॅक्रो’ (अगदी जवळून काढायचे फोटो) लिहिलं असेल तर सेन्सरवरच्या प्रतिमेचं वस्तूच्या खऱ्या आकाराशी प्रमाण विचारा. १:४ असेल तर ९ सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू क्रॉप फ्रेम भरणार नाही. संत्र्याचं फूल किंवा किडा मोठा हवा असेल तर १:१ची ९० ते १०५ एमएमची लेन्सच लागते. ६० एमएमची मॅक्रो १:१ला किड्यापासून पाच ते दहा सेंटिमीटरवर येते, तिची सावली पडते आणि किडा उडतो.

बिलाबाबत एवढंच : जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर लेन्सचा अनुक्रमांक, आणि भारतातल्या कंपनीचीच वॉरंटी. पाच-सात हजार कमी करून ‘दुकानाची वॉरंटी’ देतात, ती लेन्स बहुधा परस्पर आणलेली असते आणि सेवा केंद्र ती दुरुस्तीला घेताना अडवू शकतं.

शहरातल्या कॅमेरा विक्रेत्यांकडे आमची एक मागणी आहे. काउंटरसमोरच्या भिंतीवर वर्तमानपत्राची चार जोडपानं कायमची ताणून लावा, शेजारी एक ट्रायपॉड ठेवा आणि लेन्स घेणाऱ्याला स्वतःचं कार्ड घालून फोटो घेऊ द्या. पेटी फोडली की लेन्स जुनी होते, ही सबब काही ठिकाणी दिली जाते. त्यासाठी पैसे भरल्यावर, बिल करण्याआधी तिथल्या तिथे तपासणी करू दिली तरी चालेल. आणि आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर लिहिताना अंतराचं ते सूत्र आणि भिंतीवरच्या चाचणीची पद्धत एका चौकटीत छापावी, म्हणजे ती कापून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवता येईल.

कळावे,

आपले,
छायाचित्रण आणि लेन्स दुरुस्तीच्या व्यवसायातले काही वाचक,
नागपूर